उठण्यापूर्वी घटकाभर थांबा

सकाळचे आठ वाजलेले असतात. मुलाला लोकल गाठायची असते, सून डबे भरत असते, नातवाची बस कोपऱ्यावर आलेली असते. तेवढ्यात दाराची बेल वाजते. 'मी बघतो' म्हणत आजोबा पलंगावरून लगबगीने उठतात, दोन पावले टाकतात आणि त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. वाचकहो, हे दृश्य आपल्या घरातीलही असू शकेल. घाई तरुणांची असते. तिची किंमत मात्र पुष्कळदा वृद्ध देहाला मोजावी लागते.

असे का होते? आपण उभे राहताच सुमारे अर्धा लिटर रक्त पोटाच्या व पायांच्या शिरांत उतरते. तरुणपणी हृदयाचे ठोके वाढून आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावून काही क्षणांत तोल सावरला जातो. वयोमानाने ही यंत्रणा मंदावते. मधुमेह, कंपवात, अपुरे पाणी पिणे, रक्तदाबाच्या वा प्रोस्टेटच्या काही गोळ्या यांमुळे ती आणखी दुबळी होते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

घाईचा दोष माझ्याही पदरी आहे. काही वर्षांपूर्वी एक आजी जिने चढून माझ्या दवाखान्यात आल्या. बाहेर रांग होती. त्यांना जरा टेकूही न देता मी रक्तदाब मोजला. तो वाढलेला दिसला आणि मी गोळीची मात्रा वाढवली. आठवडाभरातच पहाटे न्हाणीघराकडे जाताना त्या पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. त्यांना पाच मिनिटे शांत बसवले असते, तर कदाचित ती मात्रा वाढवावीच लागली नसती. त्या दिवसापासून तपासणीपूर्वी रुग्णाला बसू देण्याचा नियम मी मोडलेला नाही. आपणही डॉक्टरांकडे तसा आग्रह धरावा आणि चक्कर येत असल्यास उभ्यानेही रक्तदाब मोजण्यास सांगावे. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत.

घरी काय करावे? जाग आल्यावर आधी पाय हलवावेत, मग कुशीवर वळून पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे, आधार धरून उभे राहावे आणि मगच पाऊल टाकावे. अंधारी आल्यास लगेच खाली बसावे. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा असू द्यावा. जेवताना ताठ बसून लहान घास घ्यावेत. घाईने गिळलेला घास ठसक्याला निमंत्रण देतो.

संथपणा म्हणजे निष्क्रियता नव्हे. रोजचे चालणे व झेपेल तेवढा व्यायाम चालूच ठेवावा, कारण पायांतील बळच तोल सांभाळते. आणि छातीत दुखणे, अचानक वाचा अडखळणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. 'आटपा लवकर' हे शब्द आपल्या तोंडून सहज निघून जातात. आपल्याला दुखवायचे नसते, पण ऐकणाऱ्याला आपण अडचण झालो आहोत असे वाटते आणि तो झेपत नसतानाही धावू लागतो. बाहेर जायचे असेल तर त्यांना पंधरा मिनिटे आधी तयारीला लावा. फोन त्यांच्या हाताशी ठेवा. आणि उद्या सकाळी बेल वाजली की स्वयंपाकघरातून एवढेच सांगा, "बाबा, तुम्ही बसा. दारातला माणूस थांबेल."