हिरड्यांच्या विकारांचे निदान : दर्शक विकरांची उपयुक्तता

प्रस्तावना : सामान्य व्यवहारात ‘पायोरिया’ या नावाने ओळखला जाणारा परिदंतशोथ हा दातांना आधार देणाऱ्या ऊतींचा दीर्घकालीन दाहक विकार आहे. त्यात दाताला अस्थीशी जोडणारे तंतू व सभोवतालची अस्थी क्रमाक्रमाने नष्ट होते. प्रारंभी वेदना बहुधा नसल्याने निदानास विलंब होतो.

प्रचलित निदानाची मर्यादा : दंतवैद्य प्रोबने हिरडी व दात यांमधील खाचेची खोली मोजतो. निरोगी अवस्थेत ती साधारणतः १ ते ३ मिलिमीटर असते. क्ष-किरण चित्रात अस्थीची झीज दिसते. तथापि, या दोहोंतून झालेली हानी कळते. ती अद्याप चालू आहे की थांबली, हे कळत नाही. तंबाखूमुळे निदान आणखी अवघड होते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते व दाह झाकला जातो. तंबाखू धरण्याच्या जागी हिरडी मागे सरू शकते; तेथे खाच उथळ भरली तरी दाताचा आधार घटलेला असतो.

दर्शक विकरे : खाचेत पाझरणारा अल्प द्रव कागदी पट्टीने टिपता येतो. त्यातील विकरांचे स्थूलमानाने तीन गट पडतात.

१) ऊतीचे विघटन करणारी : न्यूट्रोफिल या श्वेतपेशींतून स्रवणारे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-८ हे कोलॅजेन तोडते.

२) मृत पेशींतून बाहेर पडणारी : ॲस्पार्टेट ॲमिनोट्रान्सफरेज, म्हणजे यकृताच्या तपासणीतील परिचित ‘एसजीओटी’, व लॅक्टेट डिहायड्रोजिनेज.

३) जीवाणूंची : पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस आदी जीवाणूंचे ट्रिप्सिनसदृश विकर, ‘बाना’ चाचणीत ते रंगबदलाने ओळखले जाते.

यांपैकी पहिले विकर केवळ साक्षीदार नसून हानीचे प्रत्यक्ष साधन आहे. म्हणूनच त्याला रोखणाऱ्या २० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिनच्या उपचारास अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. या विकराच्या सक्रिय रूपासाठी दवाखान्यातच काही मिनिटांत निष्कर्ष देणारी पट्टी-चाचणीही विकसित झाली आहे.

मर्यादा : दुसऱ्या गटातील विकरे साध्या हिरडीदाहातही वाढतात. त्यामुळे एका चाचणीवरून निदान करणे योग्य नव्हे. ठरावीक अंतराने केलेल्या मोजमापांतील बदल अधिक बोलका असतो.

समारोप : विकरचाचणी प्रोब व क्ष-किरण यांची जागा घेत नाही, त्यांना पूरक ठरते. शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी वारंवार तपासणीस येणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्या बाबतीत कोणत्या रुग्णास तातडीने उपचार हवेत, हे ठरविण्यास तिचे साहाय्य होऊ शकते. गेलेली अस्थी पूर्ववत करणे दुष्कर असल्याने हानी चालू असतानाच ती ओळखणे महत्त्वाचे आहे.