तळें हिरवें कां होतें?

पाण्यास संस्कृतांत ‘जीवन’ असें नांव आहे, हें आमच्या विद्यार्थी-वाचकांस ठाऊकच आहे. परंतु पाणी जसें इतरांचें जीवन, तसें तळ्याच्या पाण्यास स्वतःचेंहि एक जीवन असतें. तें बिघडलें म्हणजे वरवरच्या साफसफाईनें तें सुधारत नाहीं. ही गोष्ट समजून घेण्यासाठीं आपल्या आष्ट्याहून फार दूर जावयास नको. कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनास गेलेलीं माणसें बहुधा रंकाळ्यावर जाऊनच परततात. त्या रंकाळ्याच्याच निमित्तानें दोन गोष्टी येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रंकाळ्याच्या जागीं पूर्वीं दगडाची खाण होती व धरणीकंपानें तींत पाणी भरलें, अशी परंपरागत समजूत आहे. तलावाचा विस्तार शंभरांहून अधिक हेक्टर असून घेर सुमारें साडेचार किलोमीटर आहे. कांठावर शालिनी पॅलेस, पाण्यांत संध्यामठ, असें हें रम्य स्थळ! परंतु शहर वाढूं लागलें तसतसें भोंवतालच्या वस्त्यांचें सांडपाणी नाल्यांवाटे त्यांत उतरूं लागलें. शाम सोसायटी व देशमुख हॉल यांच्या बाजूचे नाले कोल्हापूरकरांस चांगले परिचित आहेत. परिणाम असा झाला कीं, कधीं तलावावर केंदाळ माजलें, तर कधीं पाण्यावर हिरवी साय धरून दुर्गंधी सुटली. केंदाळ काढावें तों हिरवी साय दिसावी, असा प्रकार झाला. असें कां व्हावें?

आमच्या शेतकरी पालकांस ह्याचें उत्तर एका शब्दांत सांगतां येईल. तो शब्द म्हणजे खत. उसाच्या फडास नत्र, स्फुरद व पालाश दिलें म्हणजे ऊस जोमानें वाढतो. तळ्यांतील शेवाळ हेंहि एक पीकच आहे. त्यासहि हींच द्रव्यें लागतात. आपल्या मैलापाण्यांत, कपडे धुण्याच्या कित्येक पावडरींत, कुजणाऱ्या निर्माल्यांत व शेतांतून वाहून येणाऱ्या गाळांत स्फुरद असतें. नाला तळ्यांत सोडणें म्हणजे तळ्यास रात्रंदिवस खत घालणें होय. मग पीक आलें म्हणून नवल तें काय?

ह्या द्रव्यांत मुख्य दोषी कोणतें, हें ठरविण्यासाठीं कॅनडा देशाच्या ओंटारिओ प्रांतांत १९७३ सालीं एक सुंदर प्रयोग करण्यांत आला. मध्यें अरुंद कंबर असलेलें एक लहान सरोवर शास्त्रज्ञांनीं पडदा लावून दुभागलें. एका भागांत कार्बन व नत्र घातलें. दुसऱ्यांत तींच द्रव्यें घालून वर स्फुरदहि घातलें. पहिल्या भागाचें पाणी पूर्वींसारखेंच राहिलें. दुसरा भाग कांहीं आठवड्यांत हिरवागार झाला. आकाशांतून घेतलेलें त्याचें छायाचित्र जगभर प्रसिद्ध झालें.

शेवाळ वाढलें तर बिघडलें काय, असें कोणी विचारील. दिवसां सूर्यप्रकाशांत शेवाळ प्राणवायु सोडतें हें खरें. परंतु रात्रीं तेंहि तो घेतें. शिवाय मेलेलें शेवाळ तळाशीं जाऊन कुजूं लागलें म्हणजे कुजविणारे सूक्ष्म जंतु उरलासुरला प्राणवायु संपवितात. म्हणून पहाटेच्या सुमारास मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतात व मरतात. तळाशीं प्राणवायु नाहींसा झाला कीं गाळांत दडलेलें स्फुरद पुन्हां पाण्यांत उतरतें व नव्या शेवाळास खाद्य मिळतें. ह्याप्रमाणें तें दुष्टचक्र फिरत राहतें. त्यांतच निळसर-हिरव्या शेवाळाच्या कांहीं जाती विषारी असतात. असें पाणी प्याल्यानें गुरेंढोरें दगावतात व माणसांसहि अपाय होतो.

केंदाळाचा प्रकारहि ह्याहून निराळा नाहीं. ही दक्षिण अमेरिकेंतील वनस्पति. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहानें लोकांनीं ती देशोदेशीं नेली. भरपूर खत मिळालें तर दोनएक आठवड्यांत ती दुप्पट होते. ती काढून कांठावर कुजत ठेविली, तर तिच्यांतील स्फुरद पावसाबरोबर पुन्हां तळ्यांत जातें; म्हणून ती दूर नेली पाहिजे.

मग उपाय काय? अमेरिकेंतील सिॲटल शहराजवळील वॉशिंग्टन सरोवराचें उदाहरण घ्यावें. भोंवतालच्या गांवांचें शुद्ध केलेलें सांडपाणी त्यांत सोडीत. परंतु त्या शुद्धीनें स्फुरद जात नसे. प्राध्यापक एडमंडसन यांनीं धोका ओळखून लोकांस समजावून दिला. १९५८ सालीं नागरिकांनीं मतें देऊन खर्च पत्करला व १९६३ ते १९६८ ह्या काळांत सर्व सांडपाणी अन्यत्र वळविण्यांत आलें. १९६४ सालीं जेथें अडीच फुटांखालचें दिसेनासें झालें होतें, तेथें १९६८ पर्यंत सुमारें दहा फूट खोलवरचें दिसूं लागलें. कोणीं शेवाळ उपसलें नाहीं. त्याचें खाद्य मात्र बंद केलें.

रंकाळ्याचा समावेश केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेंत झाला व नाले वळविण्याचीं कामेंहि झालीं. तरी पुढें सांडपाणी शिरल्याच्या तक्रारी येतच राहिल्या. उथळ तळ्यांत जुना गाळ असल्यानें सुधारणेस अधिक काळ लागतो, म्हणून धीरहि हवा. कांठची लव्हाळी व पाणवनस्पति राखावी. ती गाळ अडविते व शेवाळ खाणाऱ्या बारीक जीवांस आसरा देते.

पाणी किती गढूळ, हें पाहण्याचें साधन अगदीं सोपें आहे. इटलींतील खगोलशास्त्रज्ञ फादर सेकी यांनीं १८६५ सालीं समुद्रांत पांढरी तबकडी सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते तें मोजलें. आज वीस सेंटिमीटर रुंदीची तबकडी वापरतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं वडील माणसांस बरोबर घेऊन दर महिन्यास एखाद्या तळ्यावर हा प्रयोग करावा व आंकडे वहींत लिहून ठेवावे.

आपल्या भागांतील ओढे अखेर कृष्णामाईसच मिळतात. उसास अवाजवी खत व पाणी दिलें, मोरीचें पाणी ओढ्यांत सोडलें, तर तें खालच्या गांवाच्या घागरींत जातें. आणि वरच्या गांवाचें आपल्या घागरींत येतें. सांडपाणी परसांतील केळींस व आळूस द्यावें, खत माती तपासून घालावें, निर्माल्याचें खत करावें. तळें स्वच्छ करण्याचें काम तळ्यावर नव्हे, तर आपल्या मोरीपाशीं सुरू होतें, इतकें ध्यानांत राहिलें तरी आमच्या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.