मान वळत नाही, म्हणून

आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त शिक्षक वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही सकाळी सायकलवरून दूध आणावयास जात. गेल्या आषाढात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मोटारीचे दार अकस्मात उघडले आणि गुरुजी त्यावर आदळले. खांदा निखळला. दार उघडणारे गृहस्थही सत्तरीचेच. ‘‘आरशात कोणीच दिसले नाही हो,’’ असे ते पुनःपुन्हा सांगत होते.

ते खोटे बोलत नव्हते. बाजूच्या आरशात मागचा सगळा रस्ता मावत नाही. उरलेला भाग मान वळवूनच पाहावा लागतो. वयोमानाने मानेचे मणके झिजतात, मान पूर्वीइतकी वळत नाही, आणि माणूस नकळत आरशावरच विसंबू लागतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने येणारी सायकल एका सेकंदात सुमारे ४ मीटर पुढे येते. दार समोर उघडल्यावर स्वाराला सावरण्यास अवधीच उरत नाही.

नेदरलँड्समध्ये यावर एक साधी सवय रुळलेली आहे : दार जवळच्या हाताने न उघडता दूरच्या हाताने उघडायचे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे त्याने डावा हात वापरायचा. असे केल्याने खांदा व धड आपोआप मागे वळतात आणि ताठ मानेवर भार न पडता मागचा रस्ता दिसतो. आपल्याप्रमाणेच डावीकडून वाहने चालविणाऱ्या ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या वाहतूक नियमावलीत ही सूचना घातली. मागच्या आसनावर डावीकडे बसलेल्या आजींनी अर्थातच उजवा हात वापरावा.

सायकलस्वारानेही उभ्या मोटारींपासून दाराच्या रुंदीइतके, निदान एक मीटर अंतर राखावे. तो असा रस्त्याच्या आत सरकून चालला की मागच्या चालकाला तो हट्टीपणा वाटतो. वस्तुतः ती सावधगिरी असते. त्याच ब्रिटिश नियमावलीत सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडण्यास सांगितले आहे. आपल्या पेठांतील गल्ल्यांत तेवढी जागा कोठून मिळणार? तेथे मागे थांबणे एवढेच हाती उरते. पाठीशी येऊन कर्कश भोंगा वाजविल्यास वृद्ध स्वार दचकतो व त्याचा तोल जातो.

घरच्यांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणारी व्यक्ती पडून डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वृद्धांमध्ये मेंदूच्या आवरणाखाली रक्त सावकाश साठू शकते. डोकेदुखी, गुंगी, बोलण्यातील गोंधळ, चालताना झोक जाणे ही लक्षणे कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी उमटतात आणि ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्षिली जातात.

गुरुजींच्या मुलाने त्या वेळी सायकलला कुलूप घालून किल्ली मुंबईला नेली होती. काळजीपोटीच, पण गुरुजींचे गुडघे दुखतात, आणि त्यांना चालण्यापेक्षा सायकल सोपी जाते. ती गेल्यावर ते घराबाहेर पडेनासे झाले. दिवाळीत मुलगा आला तेव्हा खांदा बरा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. त्याने किल्ली परत दिली, बैठक दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी खाली घेतली आणि उजव्या मुठीजवळ एक गोल आरसा बसविला. शिरस्त्राण घालण्यास गुरुजी अजून कुरकुरतात.