आठवीनंतर शाळा सोडणाऱ्यांचे विज्ञान

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली लावलेल्या शोधाचे स्मरण म्हणून १९८७ पासून दर वर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. शाळाशाळांतून त्या दिवशी भाषणे होतात आणि ‘तुमच्यातूनच उद्याचे रामन निर्माण होणार आहेत’ अशा अर्थाचे एक वाक्य त्या भाषणांत हमखास असते. वाक्य कानाला गोड लागते. हिशेबाला मात्र ते टिकत नाही. सहावीच्या वर्गात ४० मुले बसली असतील, तर त्यांतले एखादे पुढे प्रयोगशाळेत जाईल, कदाचित तेही जाणार नाही. मग उरलेल्यांना हा विषय तीन वर्षे कशासाठी शिकवायचा, याचे उत्तर त्या भाषणात सापडत नाही. शिक्षकालाही ते क्वचितच कोणी विचारते.

वास्तविक हे उत्तर आपल्याकडे फार पूर्वीच दिले गेले आहे. कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात विज्ञान आणि गणित हे विषय शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत सर्वांना सक्तीचे असावेत, अशी शिफारस केली. त्यामागची भूमिका शास्त्रज्ञांची भरती करण्याची नव्हती. सर्वसाधारण शिक्षणाचाच एक भाग म्हणून हे विषय सर्वांना मिळावेत, अशी होती. दहा वर्षांनी, १९७६ साली, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. म्हणजे ज्या मुलीचे शिक्षण आठवीनंतर थांबणार आहे आणि जो मुलगा वडिलांबरोबर शेतावर किंवा गॅरेजमध्ये जाणार आहे, त्यांच्यावरही हे कर्तव्य आहेच. त्यांना ते कर्तव्य पार पाडण्याइतके विज्ञान मिळण्याची शेवटची जागा म्हणजे सहावी, सातवी आणि आठवी हे तीन वर्ग होत.

या अपुऱ्या शिक्षणाची किंमत कुठे मोजावी लागते, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात दिसले. त्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. या मृत्यूंना अज्ञान हेच एक कारण होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. माणसापेक्षा उंच वाढलेले पीक, दमट हवा, जोरकस पंप, संरक्षक साधनांचा अभाव, दुकानदाराच्या सल्ल्याने केलेली औषधांची मिश्रणे आणि ढिली देखरेख, अशी पुष्कळ कारणे तेथे एकत्र आली होती. तरीही एक गोष्ट उरतेच. कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकट छापलेली असते आणि तिच्या खालच्या त्रिकोणाचा रंग त्या विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, त्यानंतर निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. हिरवा रंग पिकाचा म्हणून चांगला आणि लाल रंग जोरदार म्हणून अधिक गुणकारी, असा तर्क कोणी केला तर त्याला हसण्यात अर्थ नाही, कारण हे रंग त्याला कोणी समजावूनच सांगितलेले नसतात. विष केवळ तोंडावाटे पोटात जाते असे नाही. ते कातडीतून भिनते, श्वासातूनही आत शिरते. ज्याने सातवीत श्वसनसंस्थेची आकृती काढून तिला नावे दिली आणि त्या आकृतीचे पाच गुण मिळवले, त्याला फवारणीच्या वेळी ती आकृती आठवत नसेल, तर त्याने तीन वर्षांत नेमके काय शिकले?

प्रश्न वयाचाही आहे. महाराष्ट्रात प्राथमिक वर्गांत ‘परिसर अभ्यास’ असतो आणि सहावीपासून ‘सामान्य विज्ञान’ हा स्वतंत्र विषय सुरू होतो. ही विभागणी केवळ सोयीची नाही. मुलांच्या विचारशक्तीचा आयुष्यभर अभ्यास करणारे ज्याँ पियाजे यांच्या मते साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मूल डोळ्यांपुढे नसलेल्या शक्यतांचाही विचार करू लागते. ‘असे असते तर काय झाले असते’ हा प्रश्न त्याला पेलू लागतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, ही युक्ती त्याला समजू लागते. याच वयात ते मोठ्यांच्या सांगण्यावर शंका घेऊ लागते, हे कोणत्याही घरात दिसते. ही शंका म्हणजे उद्धटपणा नव्हे, विज्ञानाचे ते भांडवल आहे. नववी-दहावीत शालान्त परीक्षेची छाया पडली की शंकेला जागा उरत नाही.

आता वर्गात काय चालते ते पाहावे. ‘पिष्टमय पदार्थांच्या पचनाला तोंडातील लाळेपासून सुरुवात होते’ हे वाक्य फळ्यावर लिहिले जाते, मुले ते उतरवून घेतात आणि परीक्षेत परत करतात. या वाक्याची परीक्षा घ्यायला काय लागते? थोडा शिजलेला भात, पाणी, दोन काचेच्या नळ्या आणि आयोडीनचे काही थेंब. भाताच्या पाण्यात आयोडीन टाकले की ते निळेकाळे होते. त्याच पाण्यात आधी थोडी लाळ मिसळून काही वेळ कोमट ठेवले, तर तो रंग येत नाही. मूल विचारते, नुसत्या पाण्याने असे झाले नसते कशावरून? मग दुसऱ्या नळीत लाळेऐवजी साधे पाणी घालावे लागते. या दुसऱ्या नळीचे महत्त्व ज्याला समजले, त्याच्यापुढे उद्या एखाद्या बुवाने ‘माझ्या अंगाऱ्याने ताप उतरला’ असे म्हटले, तर अंगारा न लावलेल्यांचे ताप किती दिवसांत उतरले, असे तो विचारील. लाळेतील विकराचे नाव तो विसरला तरी बिघडत नाही.

असे शिक्षण सरकारी शाळांत, खेड्यापाड्यांत, साध्या शिक्षकांकडून होऊ शकते का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर शेजारच्या मध्य प्रदेशात तीस वर्षे दिले जात होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून गेलेले अनिल सद्गोपाल आणि त्यांची ‘किशोर भारती’ ही संस्था यांनी रसुलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’च्या साहाय्याने १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी एक उपक्रम सुरू केला. हा जिल्हा आता नर्मदापुरम म्हणून ओळखला जातो. दिल्ली विद्यापीठातील आणि टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ त्यात स्वेच्छेने सामील झाले. १९७८ साली राज्य शासनाने तो साऱ्या जिल्ह्यात लागू केला. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली.

‘बाल वैज्ञानिक’ नावाची तेथील पुस्तके पाहणारा प्रथम गोंधळतो, कारण त्यांत उत्तरे नाहीत. प्रयोग कसा करायचा ते सांगितलेले असते, काय दिसले ते विचारलेले असते आणि उत्तर मुलाने आपल्या वहीत लिहायचे असते. चार-चार मुलांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीला भिंग, चुंबक, परीक्षानळ्या असे थोडेसे साहित्य आणि बाकीचे सारे परिसरातले: पाने, माती, किडे, बिया. शिक्षकांचे उन्हाळ्यात तीन आठवड्यांचे प्रशिक्षण होई आणि त्यात शिक्षकांना तेच प्रयोग स्वतः करावे लागत. महिन्यातून एकदा शिक्षक एकत्र जमून वर्गात काय फसले याची चर्चा करीत. आठवीच्या परीक्षेत पुस्तक आणि वही उघडी ठेवण्याची मुभा होती, शिवाय प्रात्यक्षिकाचीही परीक्षा होती. पुस्तक उघडे ठेवून देता येणारी परीक्षा म्हणजे सोपी परीक्षा, असा अनेकांचा समज असतो. पाठांतरावर ज्यांनी वर्षे काढली, त्यांनी अशी एखादी प्रश्नपत्रिका सोडवून पाहावी. मुलांनी मनातले प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक पात्राला पत्राने कळवायचे आणि त्यांना उत्तर यायचे, हीही तेथलीच कल्पना. १९७८ साली पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन तेथे गेलेल्या अरविंद गुप्ता या तरुण अभियंत्याने सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांपासून भूमितीच्या आकृती बनवण्याची युक्ती शोधली. पुढे पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी महाराष्ट्रातील असंख्य शिक्षकांना ठाऊक आहेत.

या उपक्रमाने शिक्षकाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ‘मला माहीत नाही, आपण करून पाहू’ असे वर्गात म्हणण्याचा अधिकार. आपल्या शाळांत हे वाक्य उच्चारणे अजूनही कमीपणाचे मानले जाते.

२००२ साली मध्य प्रदेश शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तोपर्यंत तो अनेक जिल्ह्यांतील शेकडो शाळांत पोहोचला होता. त्यातून आलेली मुले दहावीच्या परीक्षेत मागे पडतात, असा आक्षेप त्या वेळी पुढे करण्यात आला. सर्व जिल्ह्यांची पुस्तके एकसारखी असावीत, असाही आग्रह होता. हे आक्षेप अगदीच बिनबुडाचे मानण्याचे कारण नाही. पुढच्या वर्गात पाठांतराचाच बाजार भरणार असेल, तर तेथे मूल भांबावणार हे उघड आहे. परंतु त्यावर उपाय म्हणून नववी-दहावी सुधारण्याऐवजी सहावी ते आठवी बिघडवणे, हा न्याय विचित्रच म्हटला पाहिजे. देशभरातील शास्त्रज्ञांनी निषेध नोंदवला, पण निर्णय फिरला नाही.

महाराष्ट्रातही अशी धडपड झाली आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात आणि मुंबई महापालिकेच्या शाळांतील मुलांबरोबर जे काम केले, त्यात भाषेचा मुद्दा ठळकपणे पुढे आला. मुलाला कल्पना कळत नाही असे जेथे वाटते, तेथे पुष्कळदा पुस्तकातले वाक्यच त्याला कळलेले नसते. ‘पृष्ठताण’ हा शब्द त्याला परका असतो. पाण्यावर तरंगणारी सुई त्याने पाहिली तर त्या शब्दाला अर्थ येतो. आज मराठी शाळांत सेमी इंग्रजीचे वर्ग जोरात आहेत आणि विज्ञानासारखा विषय इंग्रजीतून शिकवला जातो. पालकांची आकांक्षा समजण्यासारखी आहे. पण ज्या मुलाला ‘पृष्ठताण’ जड गेला, त्याच्यासमोर ‘सरफेस टेन्शन’ ठेवून काय साधले? घरी आईला तो काय शिकला ते सांगू शकत नाही आणि विज्ञान घराच्या उंबरठ्याबाहेरच राहते.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते अशी वार्ता देशभर पसरली आणि मंदिरांपुढे रांगा लागल्या. त्या रांगांत निरक्षर होते, तसेच पदवीधरही होते. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले, तेव्हा ते मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळताना दिसले. चमचा वाकडा केला की पृष्ठताणामुळे दूध मूर्तीच्या ओल्या पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि पातळ थर होऊन उतरते. यातले सारे विज्ञान आठवीच्या आवाक्यातले आहे. दुधात रंग टाकून पाहावे, हे मात्र रांगेतल्या फार थोड्यांना सुचले. हे सुचणे पदवीने येत नाही, ते त्याआधीच यावे लागते.

मार्ग फार खर्चाचा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक आवश्यक ठरवला आहे; ती जागा रिकामी राहू नये आणि भाषेच्या शिक्षकावर हा विषय लादला जाऊ नये. दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल. अनेक शाळांत प्रयोगाचे साहित्य आहे, पण ते कुलपात आहे, कारण परीक्षानळी फुटली तर जडवस्तू नोंदवहीत ती कमी कशी दाखवायची आणि भरपाई कोणी करायची, या धास्तीने शिक्षक कपाट उघडत नाहीत. होशंगाबादेत साहित्य फुटणार आणि संपणार हे गृहीत धरून ते पुन्हा पुरवण्याची सोय होती. आपल्याकडेही शिक्षण खात्याने एक साधे परिपत्रक काढून मुलांच्या हातून फुटलेली काच ही खर्ची पडलेल्या खडूसारखीच समजावी, असे लिहून दिले, तर पुष्कळशी कपाटे उघडतील.