पायरी आणि उतार

रत्नागिरी शहरात पतितपावन मंदिर आहे. दानशूर भागोजीशेठ कीर यांनी ते स्वखर्चाने बांधले आणि १९३१ साली ते खुले झाले. त्या काळी रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले स्वातंत्र्यवीर सावरकर यांची प्रेरणा त्यामागे होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना इतर देवळांच्या दारातूनच परतावे लागे. ह्या मंदिरात मात्र सर्व जातींच्या हिंदूंना सारखाच प्रवेश मिळाला. ‘आत येऊ नको’ असे सांगणारा माणूस दारातून दूर झाला, ही मोठीच गोष्ट होय.

परंतु माणसाला अडविण्यास माणूसच लागतो असे नाही. दगडही अडवितो.

कोकणातील जुने घर पाहा. रत्नागिरीच्या बाजूस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ते पाणी घरात शिरू नये म्हणून जांभ्या दगडाचे जोते उंच घेतात. अंगणातून तीन-चार पायऱ्या चढाव्या, तेव्हा ओटी लागते. आणि माजघरात जाताना उंबरठा ओलांडावा लागतो. वाडीतून रस्त्यावर यावयाचे, तर पाखाडी आहेच. पाखाडी म्हणजे डोंगराच्या अंगाने चढत जाणारी, दगडी पायऱ्यांची वाट. श्रावणात तिच्यावर शेवाळ धरले, की धडधाकट माणूसही जपून पाऊल टाकतो. मग ज्याच्या पायांत बळ नाही, त्याने काय करावे? आजाऱ्याला डोलीत घालून चौघे खाली नेतात. ते चौघे वेळेवर मिळाले नाहीत, तर आजारी माणूस वाट पाहत पडून राहतो.

आपले पूर्वज निर्दय होते, असा ह्याचा अर्थ नव्हे. थोड्या जागेत पुष्कळ उंची गाठावयाची, तर पायरीसारखे दुसरे साधन नाही. मात्र पायरी बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जो माणूस असतो, तो तरुण, दोन्ही पायांनी धड आणि हात मोकळे असलेला असतो. गावात अशी माणसे किती? आजी तशी नाही. नुकते चालू लागलेले मूल तसे नाही. डोक्यावर मासळीची टोपली घेतलेल्या बाईस आपल्या पायांखालची पायरी नीट दिसतही नाही. आणि पाय मुरगळला, तर पंधरा दिवस तुम्हीही तसे नसता.

पायरीच्या जागी उतार केला, तर काय होते? चढाची उंची तीच राहते. वाट मात्र लांबते. एक हात उंचीसाठी बारा हात लांबी, हे उताराचे सर्वमान्य प्रमाण आहे. समजा, चाकाची खुर्ची आणि तीत बसलेला माणूस मिळून बहात्तर किलो वजन आहे. पायरीवरून चढविताना ते सगळे उचलावे लागते. अशा उतारावरून ढकलताना, घर्षण सोडून दिले, तर सुमारे सहा किलो वजन उचलण्याइतकाच जोर पुरतो. जोर बाराव्या हिश्शावर येतो, कारण अंतर बारापट होते. निसर्ग फुकट काही देत नाही. तो हप्ते पाडून देतो, एवढेच!

पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीच्या जोत्यास म्हणजे ५.४ मीटर लांबीचा उतार हवा. अंगण लहान असेल, तर तो मध्ये वळवून घ्यावा आणि वळणावर विसाव्यासाठी सपाट जागा ठेवावी. आपल्याकडे आणखी एक पथ्य पाळावे लागते. गुळगुळीत लादी बसविलेला उतार पहिल्याच सरीत घसरगुंडी बनतो; म्हणून पृष्ठभाग खरखरीत हवा, बाजूस कठडा हवा आणि वर पन्हळीचे पाणी पडता कामा नये. पाखाडीचे काय? दहा मीटर चढासाठी एकशे वीस मीटर उतार लागेल, आणि तेवढी जागा डोंगर देईलच असे नाही. तेथे सारख्या उंचीच्या पायऱ्या आणि धरावयास कठडा, एवढे तरी करता येते. वरच्या अंगाने गाडीरस्ता आणता आला, तर उत्तमच.

रोनाल्ड मेस नावाचे एक अमेरिकन वास्तुशिल्पी होते. बालपणी झालेल्या पोलिओमुळे ते चाकाची खुर्ची वापरीत. वस्तू आणि वास्तू मुळातच अशा रचाव्या, की शक्य तितक्या सर्वांना त्या वापरता येतील, असे त्यांचे म्हणणे होते. ह्या विचाराला त्यांनी १९८५ साली ‘सार्वत्रिक रचना’ अशा अर्थाचे नाव दिले. हा विचार केवळ इमारतींपुरता नाही. १९६५ साली जपानमध्ये सेइइची मियाके यांनी उंचवटे असलेली फरशी तयार केली. अंध प्रवाशाला पायाच्या किंवा काठीच्या स्पर्शाने ती वाट दाखविते. नव्या मालिकेतील नोटाही हाताळून पाहा: शंभराच्या नोटेच्या कडांशी चार उठावदार तिरक्या रेघा आहेत, पाचशेच्या नोटेवर पाच, शिवाय शंभरावर उठावाचा त्रिकोण आणि पाचशेवर वर्तुळ आहे. अंधारात नोट ओळखावयाची झाली, तर डोळसालाही त्यांचाच आधार.

सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता याव्या, असा कायदा भारतात १९९५ साली झाला आणि २०१६ साली त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली. तेव्हापासून कचेऱ्या, शाळा आणि दवाखाने ह्यांच्या दारांशी उतार दिसू लागले. मात्र दिसला उतार की काम झाले, असे समजू नये. एखादा उतार आढळला, तर मोजपट्टी घेऊन जा. जमिनीपासून ओट्याची उंची मोजा, उताराची लांबी मोजा, आणि लांबीला उंचीने भागा. उत्तर बारा किंवा त्याहून अधिक आले, तर बांधणाऱ्याला काम ठाऊक होते. ते चार-पाचच आले, तर तो उतार खुर्चीसाठी नसून फटफटी ओट्यावर चढविण्यासाठी केलेला आहे.