इलेक्ट्रिक गाडी: आधी प्लग, मग मॉडेल

इलेक्ट्रिक मोटारीच्या किमतीतला सर्वात मोठा वाटा बॅटरीचा असतो आणि बॅटरीचा भाव गेली पंधरा वर्षे बहुतांशी उतरत आला आहे. २०१० साली एका युनिट क्षमतेच्या लिथियम-आयन बॅटरीला हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत. २०२४ मध्ये जागतिक सरासरी ११५ डॉलरच्या आसपास आली. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्यात ३०.२ युनिटांची बॅटरी होती आणि किंमत सुरू होत होती १३.९९ लाखांपासून. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच गाडीची ४५ युनिटांची आवृत्ती आली. सुरुवातीची किंमत पुन्हा १३.९९ लाख. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, कंपनीने बॅटरीचा भाव उतरल्याचे सांगून १.२० लाखांपर्यंत दर कमी केले. त्याच्या आदल्या महिन्यात गाडी घेतलेल्यांना ती बातमी कशी लागली असेल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून ‘अजून थोडे थांबावे का?’ हा प्रश्न शोरूममध्ये शिरण्याआधीच पडतो. त्याचे उत्तर मॉडेलच्या माहितीपत्रकात सापडत नाही. गाडी रात्री जिथे उभी राहते, त्या जागेवर ते बरेचसे ठरते.

विरार पूर्वेच्या चंदनसारचे उदाहरण घेता येईल. विरार ते चर्चगेट रेल्वेने ६० किलोमीटर. इथला नोकरदार मुंबईला लोकलनेच जातो. गाडी निघते ती शनिवार-रविवारी, वज्रेश्वरीला, डहाणूच्या महालक्ष्मीला, नाहीतर गणपतीत गावी. ४५ युनिटांच्या नेक्सॉनची कागदावरची मजल ४८९ किलोमीटर आहे, पण ती चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतली. एसी, वेग, घाट आणि भरलेली डिकी लक्षात घेता प्रत्यक्षात साडेतीनशे धरणे शहाणपणाचे. जवळच्या फेऱ्यांना तेवढे पुरून उरते. सिंधुदुर्गात जायचे तर वाटेत फास्ट चार्जरवर थांबावे लागते आणि सणासुदीला तिथे रांग असू शकते.

आता खर्चाचा ढोबळ हिशेब. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी गाडी एका युनिटला सात किलोमीटर देते असे धरू. घरच्या विजेला युनिटमागे ११ रुपये पडले, तर महिन्याचा खर्च सुमारे १,५७० रुपये. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला, पेट्रोल १०४ रुपये धरून, ६,९०० रुपयांच्या वर लागतात. फरक डोळ्यात भरतो. पण घरी प्लग नसेल आणि सार्वजनिक चार्जरवर युनिटला २२ रुपये मोजावे लागत असतील, तर तीच इलेक्ट्रिक गाडी ३,१४० रुपये खाते. सीएनजी किलोला ८० रुपये आणि किलोमागे २० किलोमीटर धरले, तर सीएनजी गाडीचा खर्च ४,००० रुपये येतो. म्हणजे महिन्याला जेमतेम साडेआठशे रुपयांची बचत. त्यासाठी चार्जरपाशी तासभर ताटकळणे कितींना परवडेल?

घरचा प्लग मिळवणे वसई-विरार पट्ट्यात सोपे नाही. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ४५ युनिटांची बॅटरी रिकामी असल्यास भरायला पंधरा तास किंवा त्याहून अधिक लागतात, तर ७.२ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरला सहा-सात तास. रोज बॅटरी रिकामी होत नसल्याने साधा सॉकेटही बहुतेकांना चालतो. मात्र पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायर, नीट अर्थिंग, वाढीव मंजूर भार आणि सोसायटीची एनओसी हवी. चार्जिंगसाठी महावितरणकडून वेगळ्या दराचे वेगळे मीटरही घेता येते. पण चाळीत राहणाऱ्याकडे हक्काचे पार्किंगच नसते. अनेक इमारतींची सोसायटीच नोंदलेली नाही, काहींचे बांधकामच अनधिकृत आहे. तिथे एनओसी द्यायची कोणी? मीटररूममधून जोड देऊन ओढलेली लोंबती वायर हा त्यावरचा उपाय नव्हे, आगीला निमंत्रण आहे.

पावसाचाही विचार हवा. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारचे अनेक भाग पाण्यात होते आणि वीजही गेली होती. आयपी ६७ दर्जाची बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते, असे प्रमाणपत्र सांगते. पार्किंगमध्ये रात्रभर पाणी साचले, तर त्या अर्ध्या तासाचा उपयोग नाही. विम्यात पुराच्या पाण्याने झालेले बॅटरीचे नुकसान धरले आहे का, हे वाचून घ्यावे.

करांचे पारडे अजून इलेक्ट्रिककडे झुकलेले आहे, पण पूर्वीइतके नाही. १ ऑगस्ट २०१९ पासून या गाड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी १८ वर आला आणि दोहोंतले अंतर घटले. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला ११ ते १३ टक्के वाहन कर पडतो, इलेक्ट्रिकला माफ आहे. चौदा-पंधरा लाखांच्या गाडीवर ही बचत दीड लाखाच्या वर जाते. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह अनुदान योजना मात्र खासगी मोटारींना लागू नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोल माफ केला, पण विरारकराच्या पदरात त्यातले फारसे पडत नाही. दहिसरचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच हलक्या वाहनांना माफ आहे, आणि खानिवड्याचा नाका राष्ट्रीय महामार्गावरचा, तिथे ही सवलत चालत नाही.

व्यापाराच्या घडामोडी दूरच्या वाटल्या तरी त्यांचा धक्का थेट पोचतो. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने काही दुर्मिळ खनिजांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. मोटरमधल्या चुंबकांना ती खनिजे लागत असल्याने त्या वर्षी पुण्याच्या बजाज ऑटोला चेतक स्कूटरचे उत्पादन घटवावे लागले. चाकणमध्ये बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ मध्येही बॅटरीचे सेल चिनी बीवायडीचे आहेत. ‘मेड इन महाराष्ट्र’ गाडीचे काळीज असे परदेशी असते. आयात गाड्यांचे गणित वेगळेच. टेस्लाने १५ जुलै २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात शोरूम उघडले, तेव्हा शांघायहून येणाऱ्या मॉडेल वायची किंमत ५९.८९ लाखांपासून होती, कारण तयार गाडीवर भलीमोठी जकात बसते. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारातही पहिली पाच वर्षे इलेक्ट्रिक गाड्यांना जकातीत सूट नाही. करारांमुळे गाड्या स्वस्त होतील म्हणून थांबण्यात मध्यमवर्गीय ग्राहकाचा काही लाभ नाही.

बॅटरीचा भाव उतरत राहील, तशी जुन्या इलेक्ट्रिक गाडीची पुनर्विक्रीची किंमतही घसरत राहील. म्हणून ही गाडी आठ-दहा वर्षे वापरण्याच्या तयारीनेच घ्यावी. बॅटरीची हमी किती वर्षांची आहे, किती टक्के क्षमता उरेपर्यंत ती चालते आणि दुसऱ्या मालकाला मिळते का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. ‘आयुष्यभराची’ हमी बहुधा पहिल्या मालकापुरती असते. ज्याच्या पार्किंगमध्ये प्लग बसू शकतो आणि ज्याची गाडी महिन्याला हजार किलोमीटर धावते, त्याने थांबण्याचे कारण नाही. दोन्हींपैकी एकही नसेल, तर अजून काही वर्षे सीएनजी बरी. आणि सोसायटीची एनओसी हातात पडल्याशिवाय बुकिंगची रक्कम भरू नये.