बारा मोटांच्या विहिरीवर साखरपुड्याचीं छायाचित्रें

माझ्या पुतणीचा साखरपुडा गेल्या मार्गशीर्षांत झाला. पौष लागला म्हणजे शुभकार्यें थांबतात; शाळू हुरड्यास आलेला, आणि ऊसतोडीची पाळी आमच्या वाट्यास अद्याप आलेली नव्हती. अशा मोकळ्या आठवड्यांत मुलीनें हट्ट धरला कीं, उभयतांचीं छायाचित्रें बाहेर मोकळ्या हवेंत, एखाद्या जुन्या ठिकाणीं जाऊन काढावयाचीं. हल्लीं या प्रकारास ‘प्री-वेडिंग’ म्हणतात. त्यावर किती पैसा उधळला जातो हें मी पाहिलें आहे, म्हणून प्रथम मीं नाक मुरडलें. परंतु ठिकाण कोणतें म्हणून विचारतां तिनें लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीचें नांव घेतलें, आणि माझा विरोध निम्मा गळाला.

मुलीच्या लग्नाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. ती शेतकीची पदवीधर आहे, आणि मुलगा कोरेगांव तालुक्यांतला, घरची सात एकर बागायत करणारा. ऊस व आलें हीं त्याचीं पिकें. हा संबंध जुळला तेव्हां आमच्याच भाऊबंदांत कुजबूज झाली. ‘मुलगा नोकरीला कोठें आहे?’ हा प्रश्न ज्यांनीं केला, त्यांतील बहुतेक स्वतः शेतकरीच. शेतकऱ्याच्या मुलाचें लग्न जमणें आज किती बिकट झालें आहे तें वाचकांस ठाऊक आहे. डिसेंबर 2022 मध्यें सोलापुरांत अविवाहित तरुणांनीं नवरदेवाच्या पोशाखांत, घोड्यांवर बसून, जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. पुष्कळांस ती मौज वाटली. ज्यांच्या घरीं तिशी उलटलेला मुलगा आहे त्यांस वाटली नाहीं.

ठरल्या दिवशीं सकाळीं आठाच्या सुमारास आम्ही विहिरीवर पोंचलों. पुणें-बंगळूर रस्ता सोडून लिंब गांवाकडे वळावें, आणि गांवापासून थोडें दूर शेतांतून जावें. जवळ जाईपर्यंत कांहींच दिसत नाहीं. मग एकाएकीं जमिनींत उतरणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या लागतात. शिलालेखाप्रमाणें हें काम शके 1641 ते 1646, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724 या काळांत, सातारच्या शाहू छत्रपतींच्या घरांतील श्रीमंत विरूबाई भोसले यांनीं करविलें. मुख्य विहीर अष्टकोनी, व्यास सुमारें 50 फूट आणि खोली सुमारें 110 फूट. पायऱ्यांचा मार्ग व विहीर मिळून वरून पाहतां आकार शिवलिंगासारखा दिसतो. पायऱ्या आणि विहीर यांच्या मध्यें एक लहानसा महाल बांधलेला आहे. त्याच्या खालून पाण्याकडे वाट जाते. भिंतींवर सिंहांचीं व शरभांचीं शिल्पें कोरलेलीं आहेत.

नांव बारा मोटांचें असलें तरी कांठावर पंधरा मोटांची सोय होती. ज्यांनीं मोट पाहिली नाहीं अशा तरुण वाचकांसाठीं सांगतों: चामड्याची मोठी मोट, तिला वरून जाड नाडा आणि तिच्या सोंडेला खालून बारीक सोल. बैल उताराच्या धावेवर चालून गेले कीं मोट भरून वर येई, सोल ताणलेला असल्यामुळें सोंड थारोळ्यांत वाकून रिकामी होई, आणि पाणी पाटानें मळ्यांत जाई. परततांना बैल उलट्या पावलांनीं धाव चढत. एका मोटेस एक जोडी धरली तरी पंधरा मोटांस 30 बैल व 15 गडी झाले. हें सर्व कशासाठीं? तर 3300 आंब्यांच्या आमराईस पाणी देण्यासाठीं, असें तेथें सांगतात. आजच्या रिवाजाप्रमाणें 33 फुटांवर झाड धरलें तर एकरीं 40 झाडें बसतात. त्या हिशेबानें ही आमराई 80 एकरांहून मोठी झाली. पुढें प्रथम तेलाचीं इंजिनें व मग विजेचे पंप आले, मोटा गेल्या. हा हिशेब मीं कांठावर उभा राहून मोठ्यानें केला, तेव्हां भावी जामाताचें लक्ष छायाचित्रकाराकडून सुटून माझ्याकडे वळलें. ‘काका, तीस बैलांना वैरण किती लागत असेल?’ असें त्यानें विचारलें. मुलगा मला तेथेंच पसंत पडला.

छायाचित्रकार सातारचा एक तरुण, कामांत हुषार. त्याची अपेक्षा होती कीं दुपारीं ऊन थेट पाण्यावर पडेल व सोनेरी प्रकाश मिळेल. मीं त्यास सांगितलें कीं, पौषांत आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारें 50 अंशच वर चढतो. 50 फूट रुंद विहिरींत त्याचें ऊन 60 फुटांच्या खालीं उतरणारच नाहीं. तळापर्यंत सरळ ऊन पाहावयाचें तर वैशाखांत, सूर्य माथ्यावर येतो तेव्हां यावें. त्यानें तें मानलें, आणि महालाच्या कमानींत, सावलीच्या सौम्य उजेडांत छायाचित्रें घेतलीं. चेहऱ्यास तोच उजेड चांगला असतो असें तोहि म्हणाला. एका गोष्टीवर मात्र मीं कडक राहिलों. त्याला दोघें कांठाच्या अगदीं टोकावर पाय सोडून बसलेलीं हवीं होतीं. पायऱ्यांवर शेवाळ, मुलीच्या अंगावर नऊवारी, आणि खालीं खोल पाणी. मीं नाहीं म्हटलें तें नाहींच.

आमच्या आधीं एक मंडळी येऊन रंगीत धुराच्या नळकांड्या पेटवून गेली होती. त्यांचीं टरफलें पायऱ्यांवर तशींच पडलेलीं होतीं. शेजारच्या शाळूंतून त्यांनीं आडवी वाट पाडली होती. त्या शेतकऱ्यानें आम्हांलाहि त्यांतलेच समजून प्रथम चार शब्द सुनावले. आम्हीं टरफलें गोळा केलीं व त्याची माफी मागितली, तेव्हां तो निवळला.

कोटाचें प्रकरण निघालें तें येथें. मुलाच्या घरून एक भाड्याचा कोट आला होता, आणि रस्त्यावर एक भाड्याची मोटारहि उभी होती. छायाचित्रकारानें त्यास मोटारीस टेकून उभें केलें आणि म्हणाला, ‘दादा, हात खिशांत घाला.’ आल्याची काढणी नुकतीच सुरू झाली होती. मुलाच्या बोटांच्या पेरांत माती मुरलेली, तळव्यांना भेगा. त्यानें मुकाट्यानें हात खिशांत घातले. पुतणीनें तें पाहिलें. ती कांहीं बोलली नाहीं, पण त्यानंतरच्या चार-पांच छायाचित्रांत तिचा चेहरा एखाद्या परीक्षेस बसल्यासारखा आला आहे. मुलगाहि लांकडासारखा ताठ. छायाचित्रकार पुनःपुन्हां ‘जरा हसा’ म्हणे, आणि तीं अधिकच अवघडत.

अखेर त्या निवळलेल्या शेतकऱ्यानेंच वाट काढली. ‘पाहुणे, हुरडा खाऊन जा,’ म्हणून त्यानें बांधाजवळ आगटी पेटविली. शेणी धगधगल्या, कणसें त्यांत खुपसलीं. मुलानें कोट काढून बाभळीला अडकविला, बाह्या सारल्या, आणि गरम कणीस तळव्यांत धरून चोळूं लागला. तें काम नाजूक आहे. चटका बसतां कामा नये आणि दाणाहि चुरडतां कामा नये. भेगाळलेल्या हातांस तो चटका लागत नाहीं. फुंकर मारून त्यानें हिरवे दाणे पुतणीच्या ओंजळींत टाकले. तिनें स्वतः चोळूं पाहिलें, हात भाजले, नाकाला राख लागली, आणि दोघें पोट धरून हसलीं. छायाचित्रकार त्या वेळीं चटणीभाकर खात होता; त्यानें भाकर खालीं ठेवून कॅमेरा उचलला तें मला दिसलें. त्यांना दिसलें नाहीं.

आठ दिवसांनीं छायाचित्रें आलीं. विहिरींतलीं सुंदर आहेत. महालाच्या कमानींतून दिसणारी अष्टकोनी भिंत, त्यावरचा सिंह, आणि पुढें हिरव्या नऊवारींत मुलगी. परंतु लग्नमंडपाच्या दाराशीं मोठें करून लावण्यासाठीं पुतणीनें हुरड्याचें निवडलें. मुलाच्या वडिलांस तें रुचलें नाहीं. ‘आमच्याकडे लोक येणार, जावई काळ्या हातांचा दिसतो,’ असा त्यांचा निरोप आला. स्वतः जन्मभर शेतींत राबलेला माणूस! घरांत दोन दिवस चिंता. माझ्या भावानें तर, कोटाचें लावूं, वाद नको, असें ठरविलेंहि होतें.

पुतणीनें आपण होऊन फोन केला. मी जवळच होतों. ‘मामा,’ ती म्हणाली, ‘पत्रिकेवर कोटाचा घाला, माझी हरकत नाहीं. पण मी ज्यांना हो म्हटलं ते हुरड्याच्या फोटोंत आहेत. एकदां नीट बघून सांगा.’ पलीकडून बराच वेळ कांहीं आवाज आला नाहीं. मग म्हाताऱ्यानें विचारलें, ‘हुरडा कसला ग तो? गूळभेंडी काय? दाणा टपोरा दिसतोय.’

तिनें फोन माझ्या हातीं दिला. मीं सांगितलें, गूळभेंडी नव्हे, मालदांडीच होती. परंतु विहिरीशेजारची काळी जमीन, आणि दोन पाणी वेळेवर मिळालेलीं. त्यावर ते जमिनीविषयींच बोलत राहिले. छायाचित्र मंडपासाठीं मोठें करावयास दिलें आहे. लग्न वैशाखांत आहे.